उन्हावरचं पाणी

मला ही नोकरी लागली तेव्हा बाबा चंद्रपूरच्या आमच्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी घासत होते. मी शिडीखालून ओरडून सांगितलं, की एका संस्थेत कंत्राटी जागा मिळाली आहे आणि मुलचेऱ्याकडच्या जंगलालगतच्या गावांत गरिबांच्या घरी अनुदानावर सौर बंब बसवायचं काम आहे.

बाबा ब्रश हातात धरून टाकीतून बाहेर आले. "सौर बंब म्हंजे पाणी गरम कराचा?"

"हो."

"गडचिरोलीत?"

"हो."

बाबांची सगळी नोकरी वीज केंद्रात बॉयलरपाशी झालेली. उष्णतेबद्दल त्यांना कोणी काही शिकवावं, अशी त्यांची स्थिती नव्हती. "मे महिन्यात आपल्या नळाले हात लावता येत नाई," ते म्हणाले. "लोकाइले माठ वाटा म्हणा तुया सायबाले."

मी त्यांना समजावलं. जंगलात हिवाळा कडक असतो. आंघोळीच्या पाण्यासाठी बायका पहाटे सरपणाला जातात आणि त्या बाजूला हल्ली वाघ फिरतो. पाणी उन्हावर तापलं, तर जंगलातल्या दोन फेऱ्या तरी वाचतील. बाबांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा टाकीत उतरले. आतून त्यांचा घुमणारा आवाज आला, "कल्पना बरी हाय. पण मे महिन्यात नको जाऊ सांगाले."

मी मार्चमध्ये गेले. ऊन तेव्हाच चाळिशीला टेकलं होतं.

माझ्याजवळ पॉलिटेक्निकचा डिप्लोमा होता, एक जुनी स्कूटी होती आणि जोडीला एक फिटर होता. हा फिटर मुलचेऱ्याजवळच्या बंगाली गावातला, पन्नाशीचा. त्याच्या वडिलांच्या पिढीत ती गावं इथे वसली. तो घरात बंगाली बोलायचा आणि बाजारात मराठी. मात्र त्याच्या मराठीत स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा सगळा कारभार मोडीत निघालेला होता. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला दीदी.

पहिल्या गावात ग्रामसभा झाली. मी चित्र लावून समजावलं की काचेच्या नळ्यांवर ऊन पडतं, नळ्यांतलं पाणी तापतं, तापलेलं पाणी वर टाकीत जातं आणि सकाळपर्यंत गरम राहतं. सगळे शांतपणे ऐकत होते. मग मागे बसलेला एक म्हातारा उठला.

"सूर्य तं आजही पाणी गरम करून राह्यला, मॅडम. बोडीच्या पाण्यात बसलेल्या म्हशीले इचारा. त्याले अनुदान काऊन पाह्यजे?"

सभा हसली. मीही हसले. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका बाईंनी हात वर केला. साठी उलटलेली, किरकोळ अंगाची, दंडावर गोंदण. पुढे कळलं, की गावातल्या बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना न्हाऊमाखू घालायचं काम चाळीस वर्षं यांच्याकडेच आहे. बाळंतपणं आता सरकारी दवाखान्यात होत. पण बाळ घरी आलं की पहिली हाक यांनाच जाई. दिवसाला चार-चार गंज पाणी तापवायला लागणारी गावातली ही एकच व्यक्ती. सगळं गाव त्यांना नुसतं बाई म्हणायचं.

"टाकीत पाणी चढते कसं?" बाईंनी विचारलं.

गावात नळ आला होता, पण त्याला जोर नव्हता. पाणी गुडघ्याच्या वर चढायला तयार नसायचं. म्हणून आम्ही स्टँडला छोटी शिडी आणि वर नरसाळं अशी सोय केली होती. पाण्याचा गुंड, म्हणजे कळशी, घेऊन तीन पायऱ्या चढायच्या आणि ओतायचं. मी तसं सांगितलं.

बाईंनी मनातल्या मनात गुंड मोजले असावेत. "म्हंजे पाणी गरम व्हाच्या अदुगर मीच गरम होईन."

पुन्हा हशा झाला. पण यादीत पहिलं नाव बाईंचंच लागलं, कारण बाईंकडे बसला तर गाव बसवून घेईल, असा सरपंचबाईंचा हिशेब होता.

उद्घाटनाचा दिवस ठरला. दादाने सकाळी आठपर्यंत बाईंच्या अंगणात बंब उभा केला. दक्षिणेकडे तोंड करायला खुराडं हलवावं लागलं, तेव्हा बाई आणि दादा यांच्यात अर्धा तास मराठी-बंगालीत चर्चा झाली. शेवटी खुराडं चार हात सरकलं. नळ्या बसल्या, टाकी बसली. फक्त पाणी भरायचं राहिलं. ते सरपंचबाईंच्या हातून, नारळ फोडून, फोटोसकट व्हायचं होतं. तो फोटो ॲपवर चढवल्याशिवाय बंब बसला असं आमच्या ऑफिसला पटत नसे.

सरपंचबाई तालुक्याला मीटिंगला गेल्या होत्या. त्या नऊला येणार होत्या. दहा वाजले, अकरा वाजले. दादा अस्वस्थ झाला.

"दीदी, नळी रिकामा आहे आणि खूप तापला. आता पानी नको. संध्याकाळी टाकू."

"सरपंचबाईंना यायचं आहे दादा, फोटो घ्यायचा आहे."

"मग चादर टाका वर. नळी फुटेल."

फुटेल हे मी ऐकलं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात ते शिकलेही होते. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काय होतं हे मला चांगलं माहीत होतं. पण एक वाजता सरपंचबाई आल्या, त्यांना लगेच दुसरीकडे जायचं होतं, शाळेची पोरं रांगेत उभी होती, आणि दादा नेमका चादर मागायला शेजारी गेला होता. मीच गुंड भरून सरपंचबाईंच्या हातात दिला आणि मोबाईल सरसावून म्हटलं, "टाका."

त्यांनी टाकलं.

पहिला आवाज झाला तेव्हा सगळ्यांनी नारळाकडे पाहिलं. दुसऱ्या आवाजाला कोंबड्या उडाल्या. मग तिसरा, चौथा, पाचवा, एकामागून एक, लवंगी माळ लागावी तसे. सरपंचबाई गुंडासकट शिडीवरून खाली आल्या, पोरं दोन्ही दिशांना पळाली. काचा सगळ्या स्टँडखालीच पडल्या, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोर नोकरी, बाबा, डिप्लोमा सगळं येऊन गेलं.

धूळ बसल्यावर पोरं परत आली. एकाने विचारलं, "मॅडम, अजून हाये का?"

दादा चादर घेऊन कुंपणाशी उभा होता. त्याने चादरीची नीट घडी घातली आणि ती परत द्यायला शेजारी गेला. ते त्याचं घडी घालणं मला आठ दिवस पुरलं.

मी बाईंची माफी मागायला गेले. त्या खराटा घेऊन काचा गोळा करत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या. "जाऊ दे वो मॅडम. उद्घाटन मोठं झालं. गावात असं कोणाचंच नाई झालं." मग त्यांनी चुलीवर गंज चढवला आणि पहिला चहा माझ्या हातात दिला.

चूक माझी होती, असं मी ऑफिसला लिहून कळवलं. पंधरा दिवसांनी नव्या नळ्या आल्या. पाणी एकतर उजाडताना भरायचं, नाहीतर दिवस मावळल्यावर, हा नियम दादाने प्रत्येक घराच्या भिंतीवर खडूने स्वतः लिहिला. व्याकरण कोणी पाहिलं नाही. एप्रिलअखेरपर्यंत यादीतल्या सगळ्या घरांत बंब उभे राहिले.

आणि कोणीही ते पाणी वापरेना.

मे महिन्यात तर प्रश्नच नव्हता. लोक मला गार पाण्याचा बंब निघाला का म्हणून विचारायचे. त्याआधी एप्रिलमध्ये नळ्यांवर मोहफुलं वाळत घातलेली मी पाहिली. एकीने मिरच्या वाळवल्या. एका घरी स्टँडच्या सावलीत बकरी व्यायली. पावसाळ्यात सगळे बंब प्लास्टिकने झाकलेले होते. ॲपमध्ये दर महिन्याला भरायचं असायचं : पाण्याचा वापर आंघोळीसाठी, कपड्यांसाठी, भांड्यांसाठी, की इतर. बकरीसाठी जागा नव्हती.

खरी अडचण बाईच होत्या. त्या बंब पुसायच्या, झाकायच्या, पाहुण्यांना कौतुकाने दाखवायच्या. पण बाळाचं पाणी मात्र चुलीवरच तापायचं. मी एकदा नेट लावून विचारलं.

"याले जाळ नाई लागला पोरी," त्या म्हणाल्या. एव्हाना मी मॅडमची पोरी झाले होते. "चुलीच्या पाण्याले कसा धुराचा वास येते, कडुलिंबाचा येते. या पाण्याले कायचाच वास नाई. लेकराले समजन कसं का आपल्याले आंघोळ घालून राह्यले?"

आणि बाई वापरत नाहीत म्हटल्यावर गावही वापरत नव्हतं.

दिवाळीनंतर मी फेरीवर गेले, तेव्हा बाईंच्या अंगणात पिसांचा ढीग दिसला. बाईंनी अगदी उत्साहाने सगळं सांगितलं. जावई न कळवता आला होता. कोंबडी कापली, पण घरात लाकूड नव्हतं, कारण जंगलाच्या वाटेवर वाघाचे पंजे दिसले म्हणून वनरक्षकाने वाट बंद केली होती. मग बाईंनी सहज बंबाची तोटी सोडली आणि कोंबडी त्या पाण्यात बुडवली.

"काय सांगू तुले! चुलीवरचं पाणी उकळते, तं चामडी फाटते, मांस शिजते. थंड राह्यलं तं पिसं निघत नाई. हे पाणी कसं अगदी मापाचं. एक हात फिरवला का कोंबडी साफ!"

मी डिप्लोमाधारक म्हणून मनात तापमान मोजलं. दुपारी तीनच्या सुमाराला बंबाचं पाणी नेमकं तेवढंच तापत होतं. आमच्या कोणत्याही माहितीपत्रकात हा फायदा लिहिलेला नव्हता.

आठवड्याभरात गावभर झालं. ज्यांच्याकडे बंब होता त्यांच्याकडे दुपारी शेजारपाजार कोंबड्या घेऊन येऊ लागला. शिडीवर चढून पाणी भरायचा कंटाळा पार गेला. मला आनंद व्हावा की नाही, हेच कळत नव्हतं.

त्यातच ऑफिसचा फोन आला, की नागपूरहून मोठे साहेब पाहणीला येणार. मी दिवस विचारला आणि हातातला पेन खाली ठेवला. त्या दिवशी गावची मंडई होती. मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीत गावाची वर्षाची मोठी हौस. लेकीबाळी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे, नाटक, आणि घरोघरी कोंबडी. मी तारीख बदलायला सांगून पाहिलं, पण साहेबांचा कार्यक्रम ठरला होता. मग मी बाईंना फोन केला.

"बाई, साहेब येणार आहेत. कोंबडीचं काही बोलू नका."

"म्या कायले बोलतो? इचारतीन तेवढंच सांगन."

साहेब आले. स्वच्छ पांढरा शर्ट, वही, गोड स्वभावाचे गृहस्थ. आम्ही पोचलो तेव्हा नशिबाने अंगण सारवलेलं होतं, पिसांची टोपली मागे सांदवाडीत गेली होती आणि एकही कोंबडी नजरेस पडत नव्हती. दादा शिडीवर चढून उगाच नरसाळं पुसत होता. मी बाईंची ओळख करून दिली, की गावातल्या तान्ह्या बाळांना आंघोळ घालायचं काम यांचं. साहेबांचा चेहरा उजळला. ते बाजेवर बसले आणि वही उघडली.

"काय बाई, बंब उपयोगी पडतो का?"

"लय उपयोगी, सायेब. त्याच्याबिगर आता जमतच नाई."

"वा! आज किती आंघोळी झाल्या या पाण्यावर?"

बाईंनी बोटं मोजली. "आतापर्यंत अकरा झाल्या."

"अकरा! एका दिवसात?"

"मंडई हाय ना. पाहुणे आले घरोघरी."

पाहुण्यांच्या लेकरांनाही घालतात म्हणून साहेबांना फार कौतुक वाटलं. त्यांनी लिहून घेतलं. मी खोकले. बाईंनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"एका आंघोळीला किती वेळ लागतो?"

"कायचा वेळ? पाय धराचे, उलटं कराचं, आणि बुडवाचं. एक-दोन-तीन म्हणेस्तोवर बाहेर. जास्त ठेवलं तं चामडी फाटते."

साहेबांचा पेन थांबला. शिडीवरून एक विचित्र आवाज आला. दादाने तोंडात फडकं कोंबलं होतं.

"पाणी... साधारण किती गरम घेता?"

"हात घातला तं भाजला पाह्यजे. तवाच निघते ना सारं."

"आणि ती... रडत नाहीत?" साहेबांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

बाईंना या प्रश्नाचं नवल वाटलं. "रडतीन कशी, सायेब? माना घरूनच कापून आणते लोकं. म्याच सांगतो तसं. इथी आंगणात रगत नको बाप्पा."

मला काहीतरी बोलायचं होतं. पण तोंड उघडलं असतं तर हसू फुटलं असतं, आणि ते त्या क्षणी फारच भयंकर दिसलं असतं. साहेब बाजेवरून अर्धे उठलेले, आमच्या गाडीकडे बघत होते. तेवढ्यात फाटक वाजलं आणि सरपंचबाईंची बहीण दोन कोंबड्या उलट्या धरून आत आली. "बाई, बारा-तेरा नंबर माह्या लावजो वो."

साहेबांनी कोंबड्यांकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि ते खाली बसले ते पोट धरूनच. ते इतके हसले, की बाईंनी घाबरून त्यांना पाणी आणून दिलं. का हसतायत ते मी बाईंना समजावलं, तेव्हा बाईंनी आधी कपाळावर हात मारला, मग पदराने तोंड झाकलं, आणि नंतर दोघंही थांबायला तयार होईनात.

साहेब जेवूनच गेले. कोंबडीचा रस्सा त्यांनी दोनदा मागून घेतला. ॲपमध्ये त्यांनी 'इतर'वर खूण केली आणि शेऱ्यात लिहिलं, 'वापर समाधानकारक, स्थानिक गरजेनुसार.' इतकं सभ्य वाक्य मी त्याआधी आणि त्यानंतर कुठल्याही सरकारी कागदात वाचलेलं नाही.

तरीही बाळांची आंघोळ चुलीवरच होत राहिली. जानेवारीत मी आणि दादा तोट्या दुरुस्त करायला त्या गावी दोन दिवस राहिलो. थंडी अशी होती, की सकाळी स्कूटीची सीट दवाने भिजलेली असायची. सरपंचबाईंच्या शेजारची मुलगी दवाखान्यातून आदल्या दिवशीच बाळंत होऊन घरी आली होती. पहिलटकरीण, एवढंसं बाळ. आणि जंगलाची वाट पाच दिवसांपासून बंद होती. या खेपेला नुसते पंजे नव्हते, वाघाने गाय मारली होती. गॅसचा सिलेंडर त्या मुलीच्या घरी होता, पण रिकामा. बाईंच्या घरचं सरपण संपलेलं, शेजाऱ्यांचंही. कोणी कुंपणाचा बांबू तोडायला निघालं.

बाईंनी त्यांना थांबवलं. उजाडत होतं. त्यांनी आपल्या अंगणातल्या बंबाखाली बकेट धरली आणि तोटी सोडली. कालच्या उन्हाचं पाणी, त्यातून सकाळच्या गारठ्यात वाफ निघत होती. बाई वाकून त्या वाफेकडे जरा वेळ बघत राहिल्या. नाक जवळ नेऊन वास घेतला. मग कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार पाणी घातलं, पुन्हा कोपर बुडवलं. कडुलिंबाची चार पानं हातावर चोळून त्यात टाकली आणि बकेट उचलून त्या मुलीच्या घरी निघाल्या. मी मागोमाग गेले. आत जायला मला मुभा नव्हती, मी बांबूच्या तट्ट्याच्या आड उभी राहिले. बाळ आधी रडलं, मग रडणं कमी झालं, मग नुसता पाण्याचा आणि बाईंच्या पुटपुटण्याचा आवाज येत राहिला.

बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. "झोपलं," त्या म्हणाल्या. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाल्या, "चालते. लेकराले काय, ऊब पाह्यजे."

त्या दिवशी ॲपमध्ये मी पहिल्यांदा 'आंघोळीसाठी'वर खूण केली. दादा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "दीदी, फोटो नको काढू." मी काढला नाही.

त्या हिवाळ्यात गाव हळूहळू वळलं. सगळं नव्हे. एका घरच्या नळ्या वानरांनी फोडल्या, एकाने टाकीत धान ठेवलं. पण पहाटे सरपणाला जाणाऱ्या बायकांची रांग बारीक झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दोन वर्षांनी कंत्राट संपलं. मला चंद्रपुरात दुसरी नोकरी मिळाली होती. निरोप घेत मी अहेरीकडच्या गावांपासून निघाले आणि दिवसभर लाल धुळीच्या रस्त्याने येऊन संध्याकाळी बाईंच्या अंगणात उतरले. केस, भुवया, कपडे सगळं लाल.

"कितीक घरी बसवले तू बंब?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं. "आन् तू कधी आंघोळ केली याच्या पाण्यानं?"

मी आठवून पाहिलं. दोन वर्षांत मी त्या पाण्याचे फोटो काढले होते, तापमान घेतलं होतं, त्याबद्दल शंभर वेळा भाषण दिलं होतं. अंगावर एक तांब्याही घेतला नव्हता.

"नाई," मी म्हटलं.

"बस," बाई म्हणाल्या.

न्हाणीत त्यांनी मला पाटावर बसवलं. मी सत्तावीस वर्षांची, तरी माझी मान त्यांनी खाली वाकवली, डोक्यावर पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी केस खसाखसा चोळायला लागल्या. मी म्हटलं, बाई, मी करते. त्या म्हणाल्या, गप बस. लाल पाणी मोरीतून वाहून गेलं, मग फिकट झालं, मग स्वच्छ. पाठीवर ऊन ओतल्यासारखं ते पाणी येत होतं आणि बाई काहीबाही पुटपुटत होत्या, नक्की काय ते मला पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.